घरसासऱ्याची सुकेळी

आमच्या आल्फ्रेडला रिटायर होऊन चौदा महिने झाले आणि तेवढ्यात त्याने माझ्या स्वयंपाकघराचं गोडाऊन करून टाकलं. तेहतीस वर्षं दोह्यात एका कंपनीत स्टोअरकीपर होता, ती सवय जाते कुठे! मिठाच्या बरणीवर चिठ्ठी: रॅक ए, नंबर चार. हळदीवर चिठ्ठी. सुक्या बोंबलांच्या डब्यावर चिठ्ठी आणि तारीख. एकदा मी साखर कुठे ठेवलीस म्हणून विचारलं तर मला म्हणतो, "आधी रिक्विझिशन लिहून दे." मी म्हटलं, "लाटणं देते, चालेल?" मग साखर मिळाली.

मी कार्मिन, त्याची बायको. मीसुद्धा रिटायर, पण मी कुणाला छळत नाही. हॉस्पिटलात ऑपरेशनची हत्यारं धुवायची, ट्रेमध्ये बांधायची आणि वाफेच्या मशीनमध्ये निर्जंतुक करायची, हे माझं काम. चोवीस वर्षं केलं आणि एकाही सर्जनने माझा ट्रे परत पाठवला नाही. हे मी भेटेल त्याला सांगते. का सांगू नये?

आम्ही दोघं वसईचे. तो आगाशीच्या बाजूचा, केळीच्या वाडीतला, मी पापडीची. लग्न झालं तेव्हा सासूबाईंसमोर त्याला 'अहो' म्हणायचे. ब्याण्णवच्या शेवटी विमान दोह्याला उतरलं आणि 'अहो' तिथेच खलास. आता आम्ही समैस्माला राहतो, समुद्रापासून चालत दहा मिनिटं. लेक क्रिस्टी फार्मासिस्ट आहे, जावई वॉरेन गॅस कंपनीत इंजिनीअर. व्हिला वॉरेनला कंपनीने दिलेला. त्याच्या मागच्या अंगाला दोन खोल्या आहेत, वेगळ्या दाराच्या, त्या आमच्या. नात कॅरिना सहा वर्षांची. मी मराठीत बोलते, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते आणि दोघींचं उत्तम चालतं.

एप्रिल संपत आला की आमच्याकडे गीझर बंद करायचा. मग घराच्या आत असलेलं गीझरचं पाणी गार राहतं आणि गच्चीवरच्या टाकीचं तापतं, म्हणजे लाल नळाला गार आणि निळ्या नळाला कढत. नवीन माणूस इथेच फसतो. सकाळी साडेपाचला आम्ही दोघं किनाऱ्यावर चालून यायचो, साडेसातला सगळे कामाला आणि शाळेला गेले की घर आमचं. मला हे दिवस फार आवडतात. आयुष्यभर घड्याळाला बांधलेली बाई मी, मला आता बारा वाजेपर्यंत गाऊनमध्ये बसायची मुभा आहे.

आल्फ्रेडला मात्र ती मुभा बोचत होती. त्याला निमित्त झालं एका शब्दाचं. मार्चमधल्या एका शुक्रवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर चहा पिताना अलेक्स भेटला, त्याचा जुना दोस्त. "काय रे, हल्ली कुठे?" आल्फ्रेड म्हणाला, "लेकीकडे." अलेक्स हसला. "म्हणजे घरजावई ऐकला होता, तू तर घरसासरा!" सगळे हसले, मीही हसले. खोटं कशाला बोलू, चांगला होता शब्द. अलेक्स घरी जाईपर्यंत विसरला असेल. आल्फ्रेडने तो शब्द गाडीतून समैस्मापर्यंत सोबत आणला.

त्याचं असं झालं की आमच्या रेसिडेन्स कार्डावर स्पॉन्सर म्हणून आता लेकीचं नाव आहे, आणि छप्पर जावयाचं. नोकरी होती तोवर आल्फ्रेडला स्वतःच्या कंपनीचं नाव होतं. जूनमध्ये त्याचा पासपोर्ट संपत होता. नवा पासपोर्ट नाही, तर कार्ड पुढे वाढणार नाही. क्रिस्टीने अर्ज छापून आणला, सगळं भरून दिलं, फक्त त्याची सही हवी. माझ्या अर्जावर माझी कधीच झाली होती. त्याचा अर्ज फ्रिजवर चुंबकाखाली लटकत राहिला.

"करतो," म्हणायचा. मग एक दिवस म्हणाला, "सही कशाला? जून संपायच्या आत आपण वसईला जाऊ. लहान भावाने दोन खोल्या रिकाम्या ठेवल्यात."

"आणि इथे काय वाईट आहे?"

"आयत्या बिळावर नागोबा होऊन नाही बसायचं मला."

मी म्हटलं, "नागोबा फणा तरी काढतो. तू नुसत्या चिठ्ठ्या चिकटवतोस." बोलले खरी, पण मला जायचं नव्हतं. मला माझी लेक हवी होती, माझी नात हवी होती, माझा लाल नळ हवा होता. आणि आल्फ्रेडशिवाय मी इथे एकटी राहणार नव्हते, हेही त्याला ठाऊक होतं.

आता केळीचं सांगते. स्वयंपाकघराच्या मागे एसीचं पाणी गळतं, दिवसभर थेंब थेंब. त्या ओलीवर आल्फ्रेडने गेल्या वर्षी, इथे राहायला येताच, केळ लावली होती. जवळच्या शेतावर काम करणारा कमाल केरळचा. त्याने त्यांच्याकडच्या नेंद्रन जातीचं रोप दिलं. नेंद्रन आणि आमची वसईची राजेळी, सख्ख्या नसल्या तरी मावसबहिणी. सगळे हसले, वाळवंटात केळ! पण एसीच्या पाण्यावर ती वाढली, आणि या वर्षी तिला लोंगर आला. घड म्हणा, आम्ही लोंगर म्हणतो. छोटासाच, तीन फण्या, एकोणतीस केळी. आल्फ्रेडने मोजून वहीत लिहिली, हे वेगळं सांगायला नको.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी लोंगर उतरवला. सगळे घरी होते. जेवताना आल्फ्रेड एकदम म्हणाला, "याची मी सुकेळी करणार."

वॉरेनला माहीत नव्हतं. त्याचा जन्मच दोह्याचा. मी समजावलं: पिकलेलं राजेळी केळं सोलून सहा-सात दिवस उन्हात सुकवतात, रोज संध्याकाळी आत घेऊन केळीच्या पानात गुंडाळतात, शेवटी ते मधासारखं गोड आणि मऊ होतं. आल्फ्रेडचे वडील करायचे. त्यांची सुकेळी घ्यायला माणसं मुंबईहून यायची.

"बापासारखी सुकेळी झाली," आल्फ्रेड म्हणाला, "तर मी त्या कागदावर सही करतो. नाही झाली तर जूनमध्ये वसई. बस."

क्रिस्टी वैतागली. "पापा, व्हॉट काइंड ऑफ लॉजिक इज धिस?"

"लागली पैज," मी म्हटलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला सुकेळी करता येतात का? नाही. पण मला आल्फ्रेड कळतो. माणसाला राहायचं असतं, फक्त कारण हवं असतं. त्याने स्वतःच कारण मागितलं होतं.

पाच दिवसांत पहिली फणी पिकली. दहा केळी. आल्फ्रेडने पहाटे उठून आंघोळ केली, केळी सोलली, चटईवर स्वच्छ कपडा घालून गच्चीवर ओळीने मांडली आणि शेजारी चिठ्ठी ठेवली: लॉट एक. सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत, अगदी बाप ठेवायचा तशी. डोक्यावर टोपी घालून स्वतः राखणीला बसला. मी दर तासाला पाणी नेऊन देत होते आणि म्हणत होते, "अरे, तू सुकायच्या आधी खाली ये."

दुसऱ्या दिवशी दुपारी केळी काळी झाली. आल्फ्रेड खूश. "बघ, इथे निम्म्या वेळात होणार." तिसऱ्या दिवशी त्याने एक कापलं. वरून चामडं, सुरी लागेना. आत पांढरं, कच्चं आणि आंबलेलं. कॅरिनाने हुंगलं आणि नाक धरलं. "ग्रँडपा, इट स्मेल्स लाइक शूज."

दहाही तशीच. आल्फ्रेडने ती गोळा केली, पिशवीत भरली, कचऱ्यात टाकून आला आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला. "हा देश आपला नाही, कार्मिन. ऊनसुद्धा आपलं नाही इथलं."

"नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हटलं. एरवी त्याने उलट टोला दिला असता. आज त्याने चादर डोक्यावरून ओढली, तेव्हा मी घाबरले. एवढा पडलेला मी त्याला निवृत्तीच्या दिवशीही पाहिला नव्हता.

दुपारभर मी विचार करत बसले. हॉस्पिटलात नवीन पोरी यायच्या, त्या अशीच चूक करायच्या. ट्रे मशीनमधून काढला, हाताला चटका बसला की त्यांना वाटायचं, झालं. मी ट्रे उघडून मधली, वाफ पोचली की रंग बदलणारी कागदी पट्टी काढून दाखवायचे. तिचा रंग बदललेला नसायचा. बाहेर तापलं म्हणजे आत पोचलं असं नसतं, पोरींनो! इथेही तेच होतं. वसईच्या हवेला ओल असते, तिथल्या उन्हात केळं सावकाश सुकतं. इथलं ऊन भट्टीचं, वारा कोरडा. पहिल्याच दिवशी वरची साय कातडं होऊन बसते आणि आतलं पाणी आतच कोंडून आंबतं. आल्फ्रेडने बापाची रीत आणली होती, बापाचं ऊन आणलं नव्हतं.

मी जाऊन सांगितलं, "दुसरी फणी सावलीत सुकवायची. गाडीच्या शेडखाली. नुसत्या वाऱ्यावर."

तो ताडकन उठून बसला. "सुकेळं सावलीत? माझा बाप थडग्यातून उठून येईल!"

"येऊ दे. त्यालाही सावलीत बसवू."

"अगं, वाळवणाला ऊन लागतं. शेंबड्या पोराला विचार."

"शेंबड्या पोराला समैस्माचा मे महिना माहीत नाही. मला माहीत आहे. दहा केळी तू घालवलीस, आता दहा मला दे. तुझ्या वहीत लिही हवं तर, कार्मिनच्या जबाबदारीवर."

दोन दिवस भांडलो. शेवटी दिली त्याने, पण तोंड असं केलं की जणू किडनी देतोय.

जुन्या फ्रिजची जाळी मी धुऊन ठेवली होती. ती दोन स्टुलांवर टेकवली, वर केळी, त्यावर मलमलचा कपडा. सकाळी सातला बाहेर. दर दोन तासांनी उलटायची, हात स्वच्छ धुऊन, दाबून बघायची. चार वाजले की आत, कारण संध्याकाळी समुद्रावरून दमट हवा येते आणि सगळा खेळ बिघडवते. रात्रभर केळीच्या पानात गुंडाळून डब्यात, म्हणजे आतली ओल बाहेर येते आणि कातडं मऊ पडतं. पहिले दोन दिवस आल्फ्रेड लांबून बघत होता. तिसऱ्या दिवशी मला म्हणाला, "उलटताना टोकाला धर, पोटाला नको. डाग पडतो." चौथ्या दिवशी मी दोह्यात अल मन्सूराला किराणा आणायला गेले, गप्पांत उशीर झाला आणि तीन वाजता घाबरून फोन केला, तर म्हणतो, "बाराला उलटली, दोनला उलटली, तू निवांत ये." मी टॅक्सीत एकटीच हसले.

सातव्या दिवशी, शनिवारी, सगळ्यांसमोर डबा उघडला. रंग गडद मधाचा. दाबलं की बोट उमटत होतं. कापलं तर आतपर्यंत एकसारखं. वासाने खोली भरली. मी पहिला तुकडा आल्फ्रेडच्या हातात दिला. त्याने डोळे मिटून खाल्ला, खूप वेळ चघळला. वॉरेनने दोन खाल्ली. "पापा, धिस इज सीरियस स्टफ." कॅरिनाची बोटं चिकट, गाल चिकट, आणि, "वन मोअर, प्लीज, वन मोअर."

क्रिस्टी हसत उठली, फ्रिजवरचा अर्ज काढला आणि पेन त्याच्यापुढे ठेवलं.

आल्फ्रेडने पेन बाजूला सारलं. "ही कार्मिनची सुकेळी. बापाने सावलीत कधी केली नाहीत. पैज माझ्या सुकेळ्यांची होती. हा लॉट धरायचा नाही."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही! माझ्या कपाळाची शीर उडायला लागली. पण जावयासमोर नवऱ्याला बोलायचं नाही, हा माझा नियम आहे. मी डब्याचं झाकण लावलं आणि भांडी घासायला गेले. त्या दिवशी भांडी फार आवाज करत होती.

रविवारी सगळे कामाला गेले. तिसरी फणी पिकली होती, शेवटची नऊ केळी. शेडखाली जाळी मांडली, तो सोलून देत होता, मी ठेवत होते. चौथं केळं ठेवलं आणि मला राहवलं नाही.

"आल्फ्रेड, मी ब्याण्णवला इथे आले तेव्हा माझ्या कार्डावर कुणाचं नाव होतं?"

"माझं. म्हणजे काय?"

"किती वर्षं?"

त्याने हिशेब केला. "आठ. दोन हजारला तुला हॉस्पिटलची नोकरी लागली."

"घर कुणाच्या कंपनीचं होतं?"

"माझ्या."

"आणि कार्डावर माझा धंदा काय लिहिला होता, आठवतं?"

तो सोलायचा थांबला. "हाऊसवाइफ."

"वांद्र्याच्या हॉस्पिटलात माझ्या हाताखाली सहा मुली होत्या. ती नोकरी सोडून मी आले आणि आठ वर्षं तुझ्या नावावर, तुझ्या छपराखाली, तुझ्या पगारावर राहिले. मला कुणी घरबायको म्हणून हसलं नाही, कारण बायकांनी असंच राहायचं असतं. मी बॅग भरली? मी म्हटलं, हे आयतं बीळ आहे, मी चालले? आणि तुझ्यावर चौदा महिने वेळ आली, तीही पोटच्या लेकीच्या नावाची, तर तुला वसई आठवली!"

माझा आवाज एवढा चढला की शेजारच्या व्हिलाचा ड्रायव्हर मुदस्सिर भिंतीवरून डोकावला आणि माझं तोंड बघून लगेच खाली गेला.

आल्फ्रेडने हातातलं केळं जाळीवर ठेवलं. मग हळूच म्हणाला, "जड गेलं होतं तुला?"

तेहतीस वर्षांच्या संसारात हे त्याने मला कधी विचारलं नव्हतं. "हो," मी म्हटलं. "फार जड गेलं. पहिली दोन वर्षं तू ड्युटीवर गेलास की मी नळ सोडून रडायचे. पोटात क्रिस्टी होती तेव्हाही."

"मला सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस."

तो उठला. मला वाटलं, गेला, आता भिंतीकडे तोंड करून झोपणार. मी उरलेली केळी सोलायला घेतली. तो अर्ज आणि पेन घेऊन बाहेर आला आणि माझ्यासमोर स्टुलावर बसला. सही केली नाही. कागद गुडघ्यावर धरून म्हणाला, "कार्मिन, मला जड जातंय गं."

"मला दिसतंय," मी म्हटलं. "तू नाही सांगितलंस तरी मला रोज दिसतंय. म्हणून तर पैज लावली आणि सुकेळी सुकवली. आपण दोघं आहोत इथे बिनकामाचे, तू एकटा नाहीस. कर सही."

त्याने सही केली. स्टोअरकीपरची सही, चौकटीच्या रेघेला कुठेही न लागणारी. पेनाला टोपण लावलं, कागदावर फुंकर मारली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्या आठ वर्षांबद्दल सॉरी."

तेहतीस वर्षं उशिरा आली, पण आली. मी घेतली.